लानवेनचा दवाखाना

मरीन परेड, सिंगापूर
१४ फेब्रुवारी १९९८

प्रिय अरूताई,

तुझं रडगाणं पोचलं. गुडघ्यांनी संप पुकारलाय, मार्चअखेर तू निवृत्त होणार आणि तोवर कुणी डॉक्टर मिळाला नाही तर लानवेनचा दवाखाना कायमचा बंद. नेमकी ती ओळ ओली झालेली. चहा सांडला म्हणतेस. बरं.

सत्तर साली श्रीनिवास बोटीवर आणि मी पोटुशी, म्हणून मावसबहिणीच्या हक्काने तू मला कार्डिफहून तुझ्या वेल्श खेड्यात ओढून नेलंस. निम्मं गाव जोन्स, उरलेलं इव्हान्स, म्हणून माणसं धंद्यावरून ओळखायची: जोन्स पाववाला, इव्हान्स कोळसेवाला, अगदी आपल्या पारशांसारखी. तुला आधी 'ती साडीवाली' म्हणायचे. त्या हिवाळ्यात बर्फ तुडवत जाऊन तू इव्हान्सच्या आईला न्यूमोनियातून वाचवलंस आणि 'अरुणा डॉक्टर' झालीस. मला केवढा अभिमान वाटला होता!

गेल्या उन्हाळ्यात आले तेव्हा मात्र गाव ओळखू येईना. दगडाची खाण बंद, पाववाल्याच्या दुकानात शोभेच्या मेणबत्त्या, चॅपेलात लंडनकरांचं सुट्टीचं घर. धंदे गेले तशी नावंही गेली. धंद्याच्या नावाची तू एकटीच उरलीस. इथेही कॅम्पाँग, म्हणजे जुनी मलाय खेडी, पाडून माणसं चोआ चू कांगच्या उंच ब्लॉकमध्ये नेली, पण त्यांना निदान लिफ्ट तरी मिळाली. शाळेतली पोरं अजून वेल्शमध्येच भांडतात, तेवढं ऐकून बरं वाटलं.

त्या मुक्कामात आमची जाई गप्प गप्प होती. मला वाटलं, कंटाळली. कार्डिफला डॉक्टर झालेली पोर आता इथल्या हॉस्पिटलात लागणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. मी तिची खोली रंगवली, पडदेसुद्धा शिवले.

ते पडदे या कुरिअरनेच पाठवतेय. दवाखान्यावरच्या खोलीला लाव, लांब झाले तर आखूड कर. तुझ्या जागेवर जाईची निवड झालीय, अरूताई! जाणाऱ्या डॉक्टरला मुलाखतीत घेत नाहीत, म्हणून तुला पत्ता नाही. आम्हालाही कुठे होता? 'आय वॉज बॉर्न देअर, मा. कॅनॉट लेट इट क्लोज, लाह,' म्हणाली फोनवर, इथल्या सिंगापुरी 'लाह'सकट. मी आधी रडले, मग श्रीनिवासना हलवून उठवलं, मग पेढे करायला घेतले. तीच तुला कळवणार होती, मी शपथ घातली. जी पोर तू तुझ्या हातांवर झेललीस, ती परत येतेय हे मीच सांगणार. दवाखाना बंद होत नाही! गावाला सांग, नवं नाव तोंडात बसवायला घ्या: जाई डॉक्टर.

तुझीच, आनंदाने वेडी झालेली,
सुचित्रा