कोपरा न दुमडलेलं पत्र

तांबरम, मद्रास
बुधवार, १२ ऑगस्ट १९८७

चि. सौ. सुंदरीस,

अनेक आशीर्वाद. अडीच महिने तुला पत्र नाही, याबद्दल आधी माफी मागते. तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला चारदा बसले आणि चारही वेळा कागद फाडला.

इकडे सर्व ठीक. पाण्याची लॉरी एक दिवसाआड येते. सकाळी घागरी भरून ठेवून मी लायब्ररीत जाते. कॉलेज सुरू झाल्यापासून तिथंही काम वाढलंय. ह्यांचं पोट बरं आहे. सईबाई आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. जुलैत तीन आठवडे ती आमच्याकडेच होती, हे तुला ठाऊक असेलच.

मे महिन्यात आईच्या वर्षश्राद्धाचं तुमचं कार्ड मला श्राद्ध झाल्यावर दुसऱ्या दिवशी मिळालं. मी पोस्टावर चिडले. पोस्टमनला दारात उभा करून वाट्टेल ते बोलले. तो बिचारा म्हणाला, "अम्मा, शिक्का बघा." मी शिक्का बघितला नाही. ते कार्ड आज पुन्हा काढून बघितलं. तंजावरचा शिक्का श्राद्धाच्या आदल्या दिवशीचा आहे. पोस्टमनची माफी मागितली. तो हसला, म्हणाला, त्याला आठवतसुद्धा नाही.

आत्यानं इथं असताना सांगितलं ते असं. डोळ्याला पट्टी, मी तिला कॉफी देत होते, आणि ती एकदम म्हणाली, "काय गे पोरी, खरंच तुला ऐकू आलं होतं, आणि तू उठली नाहीस?"

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? गेल्या दिवाळीला सगळे जेवून बसलो होतो. सुंदरीनं तुझं पत्र वाचून दाखवलं. भाऊ तुझा, दत्ताजी, उठून परसात गेला, अर्धा तास आत आला नाही."

"सगळं वाचलं?"

"'ऐकू आलं तरी मी उठले नाही' इथवर. पुढं अर्धं पान होतं. मी म्हटलं, वाच की गे पुढं. तर म्हणाली, पुढं नुसतं घरचं आहे. आणि घडी घातली."

मग आत्या कॉफी प्यायली आणि म्हणाली, "साखर कमी झाली."

सुंदरी, आपल्या घरी पत्रं मोठ्यानं वाचायची रीत आहे, हे मला मान्य आहे. अप्पा तर कार्डावरचा पत्तासुद्धा वाचून दाखवायचे. म्हणूनच मी हॉस्टेलला गेले तेव्हा आपण दोघींनी खूण ठरवली होती. कागदाचा डावा कोपरा दुमडलेला असला की ते पत्र फक्त तुझं, आणि तू ते विहिरीमागं जाऊन वाचायचंस. ही खूण तू सुचवली होतीस. तू दहा वर्षांची होतीस. सत्तावीस वर्षांत ती एकदाही मोडली नाही, असं मी समजत होते. त्या पत्राचा कोपरा मी दुमडला होता. नखानं दाबून दुमडला होता.

तू मला उत्तरही लिहिलं होतंस, "अक्का, मनाला लावून घेऊ नकोस, मी कोणाला बोलणार नाही." तारीख बघितली. दिवाळीनंतर चौथ्या दिवसाची आहे.

इथं मला थांबावं लागतं, कारण मी रागात आहे आणि रागात मी चुकीचं लिहीन. म्हणून पुढचं सांगते.

आत्या गेल्यावर मला बोलता येईना. म्हणजे पुस्तकं द्यायची, घ्यायची, भाजीवालीशी बोलायचं, ते सगळं चाले. पण कोणी "कशी आहेस?" विचारलं की मी पाण्याच्या लॉरीचं काढी. डायरीतही तीन आठवडे नुसत्या तारखा आहेत. आमच्या लायब्ररीच्या फळ्यावर मुलींसाठी एक कागद लावलेला असतो: एग्मोरला एक केंद्र आहे, मनातलं बोलायचं असेल तर स्वतःहून या, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. तो कागद मीच लावला होता, मीच चार टाचण्या मारल्या होत्या. एका दुपारी मुली नसताना तिथला नंबर उतरवून घेतला. फोन केला. पुढच्याच गुरुवारची तारीख मिळाली. मला वाटलं होतं, "काय त्रास आहे?" असं विचारतील. त्यांनी फक्त नाव आणि सोयीची वेळ विचारली.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बोलायला माणूस हवंय? मी आहे की. बातम्या झाल्या की बोल." मग जरा वेळानं, "त्या बाईला माझं काही सांगणार नाहीस ना?" मी म्हटलं, "घोरण्याचं सांगेन." त्यावर हसले, आणि गुरुवारी मला स्टेशनापर्यंत सोडायला आले. काय झालंय ते विचारलं नाही. ह्यांना ते वाक्य माहीत नाही. की आत्यानं ह्यांनाही सांगितलंय? आता मला कोणाच्याही तोंडाकडं बघून हा प्रश्न पडतो. हे तू मला दिलंस.

केंद्र म्हणजे जिन्यावरच्या दोन खोल्या. आधी एक फॉर्म. नाव, वय, काम, झोप, भूक. मग एक रकाना, 'कोणी पाठवलं'. मी तुझं नाव लिहायला पेन टेकवलं होतं. 'सु'चा अर्धा स लिहून झाला होता. मग त्यालाच पुढं जोडून 'स्वतः' लिहिलं. पुढं बसलेल्या बाईंना देवनागरी येत नव्हती, तेव्हा तमिळमध्ये पुन्हा लिहून दिलं.

बाईंचं नाव सीतालक्ष्मी. माझ्याच वयाच्या, सुती साडी, पायात रबरी चपला. त्यांनी आधीच सांगितलं: पन्नास मिनिटं, आठवड्यातून एकदा, सहा वेळा भेटू आणि मग दोघी मिळून ठरवू. औषध देत नाहीत. काय करावं हेही सांगत नाहीत. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारलं. मी दचकले, पण नाही म्हणाले, आणि ते खरं आहे. मग मी विचारलं, लिहून घेता ते कोण वाचतं? त्यांनी कपाट दाखवलं, किल्ली दाखवली. "कोणाच्या जिवाला धोका असेल तरच मी बाहेर बोलेन, आणि तेही आधी तुम्हाला सांगून." मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना माझ्या तोंडून गेलं, "वाचून दाखवत नाही ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणाला?"

मी घड्याळाकडं बघत बसले. मग त्या म्हणाल्या, "घरी कुठल्या भाषेत बोलता?" मी सांगितलं, मराठी. "मग त्या भाषेत सांगा. मला कळणार नाही. पण मी ऐकेन."

आणि सुंदरी, मी सांगितलं. आई आमच्याकडं अंथरुणाला खिळलेली, पेल्यावर चमचा वाजवत होती. वाचा गेल्यापासून ती तसंच बोलवायची. दुपारचे साडेतीन. मी पलीकडच्या खोलीत डायरी लिहीत होते. मला ऐकू आलं. मला वाटलं, एवढं वाक्य पुरं करू दे. वाजवणं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं. वीस मिनिटांनी आत गेले तेव्हा तिचा श्वास थांबला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तरी फरक पडला नसता. डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं की मला ऐकू आलं होतं का.

हे सगळं मी मराठीत बोलले आणि रडले, आणि एका परक्या बाईनं त्यातला एक शब्द न कळता पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला. जिना उतरताना हलकं वाटलं. तांबरमच्या गाडीत बसल्यावर कळलं, हलकं का वाटलं ते. त्या बाईंना कळलं नव्हतं म्हणून.

त्या पत्राच्या उरलेल्या अर्ध्या पानात काय होतं, ते तुला माहीत आहे. गेल्या वर्षी एप्रिलात मी तार केली होती, आठ दिवसांसाठी ये, मी पडायला आलेय. तू लिहिलंस, मुलांच्या परीक्षा आहेत. मेमध्ये पुन्हा तार केली. तेव्हा जावेचं बाळंतपण होतं. मी लिहिलं होतं की मला तुझा राग येतो. एवढंच 'घरचं' होतं. माझी चूक वाचलीस आणि तुझी घडीत झाकलीस.

पण मी हेही विचारते आहे की कबुली आणि तक्रार मी एकाच कागदावर का लिहिली? तुला सोबत ओढायचं होतं का? असेल. मला अजून माहीत नाही. असलं, तरी कोपरा दुमडलेला होता.

या पत्राचा कोपरा मी दुमडलेला नाही. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर वाच. दत्ताजी उठून जायला लागला तर त्याला बसव. आणि या वेळी शेवटपर्यंत वाच.

खाली 'तुझी' लिहावं का, यावर पुष्कळ वेळ घालवला. दुसरा शब्द सापडला नाही.

तुझी,
राजस अक्का

(डायरीची सवय, उद्याचं काम शेवटी लिहून ठेवते. आजची डायरी म्हणजे हेच पत्र.)

उद्या, गुरुवार, अकरा वाजता, एग्मोर: तेच सगळं तमिळमध्ये सांगायचं.