सातवी रिन्नोजो

८ सप्टेंबर १९८५, सांता क्लारा

"नवं नाव मिळालं की जुन्याला ओ द्यायची नाही," असं सुहासिनीमावशी माझ्या लग्नात म्हणाली होती. एकवीस वर्षं झाली. त्या दुपारी मी मृणालिनीची सुलेखा झाले. आज ते वाक्य आठवलं, कारण ज्यांच्याकडे मला काम मिळालंय त्यांचंही नाव मुळात त्यांचं नाही.

महिन्यापूर्वी आम्ही ते बर्फाचं गाव, नोव्हाय, सोडून इथे आलो. श्रीरंगला कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत नोकरी, वीणाला कॉलेज आणि आजपासून मला शिवणकाम! माझे मालक कुरेहासान ('सान' म्हणजे आपलं 'राव') अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते काबुकी शिकवतात, म्हणजे जपानी संगीत नाटकच म्हणा. आपल्याकडे पूर्वी होतं तसंच, बायकांची कामंही पुरुषच करतात. 'रिन्नोजो' हे त्यांचं रंगमंचावरचं नाव गुरूकडून आलेलं. ते सहावे. मठाची गादी चालते तसं हे नाव चालतं.

घर उजेडाचं आहे. मला शिवायचे ते नाटकातले झगे असे की माझ्या पैठणीनं मान खाली घालावी. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसवत नाही, तरी चहा स्वतः ओततात. मी खूश आहे.

१५ सप्टेंबर

पॅसेजमध्ये आधीच्या पाच रिन्नोजोंच्या तसबिरी आहेत. कुणी कुणाच्या नात्यातला नाही, सगळे गुरुशिष्य. तरी पाचही जणांची डावी पापणी अर्धी मिटलेली. कुरेहासानांचीही तशीच. ते म्हणाले, नावाबरोबर येते. एका घराण्याचे गवई तान घेताना सारखंच तोंड करतात, तसलं काही असेल.

अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकाखाली दोन तारखा टाइप करून लावल्यात. शिष्याला नाव दिलं तो दिवस आणि मृत्यूचा दिवस. अकरा दिवसांचं अंतर. नऊ. चौदा. बारा. परत नऊ.

मी विचारलं. म्हणाले, जबाबदारी संपली की म्हातारी माणसं जातात. पाचवे तर शेवटी सारखे आईला हाका मारायचे. सत्तरीच्या माणसाची आई कुठून आणायची? असं म्हणून हसले आणि माझा कप भरला.

मला न्यायला आलेली वीणा तासभर त्यांची शिकवणी बघत बसली. गाडीत म्हणाली, "आई, ही इज सो कूल!"

२९ सप्टेंबर

वीणा आता रोज जाते. कॅल्क्युलस ड्रॉप केलं. आज कुरेहासान म्हणाले, नाव तिला द्यायचंय. जपानात बायकांना मिळत नाही, पण इथे अडवणार कोण?

श्रीरंगला गंमत वाटली. "पोरगी डॉक्टर होईल म्हटलं, ही तर सातव्या महाराज निघाली!"

मला पटत नाही. वीणा नाचते तेव्हा ते तिच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. गुडघ्यांकडे बघतात. वाईट नजर नव्हे. मंडईत बाई भाजी निवडते तशी. श्रीरंग म्हणतो, तू संशयी झालीस.

तुमच्यात नाव कसं बदलतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. जुनं कधी परत येतं का? हे त्यांनी दोनदा विचारलं. मी हसले. म्हटलं, माझं कुठे आलं? मग ते म्हणाले, तर मग तुम्हीच लिहा. आईच्या हातचं नाव घट्ट बसतं.

१३ ऑक्टोबर

मी नको म्हणणार होते. पण वीणानं गळ्यात हात टाकले. "आई, डोन्ट बी वियर्ड. तू लिहिलंस तर मला छान वाटेल ना."

मी लिहिलं. घरचंच ताट, माझीच अंगठी. रिन्नोजो.

शेवटचा काना ओढला आणि कुरेहासान खुर्चीत कलंडले. सगळे धावले. वीणा धावली नाही. ती एक पाय हळूहळू वाकवत होती, सरळ करत होती, दुकानात नवे बूट घालून बघावेत तशी.

नंतर मी तिला तीनदा हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही.

१६ ऑक्टोबर

ती तिथेच राहते आता. म्हणते, गुरूंची सेवा. डावी पापणी उतरली आहे. श्रीरंग म्हणतो, कॉन्टॅक्ट लेन्समुळे. माझ्याशी मराठीत एक शब्द नाही — मी बोलले की नम्रपणे वाकते.

१९ ऑक्टोबर

म्हातारे अंथरुणाला खिळलेत. मी पाणी पाजायला गेले. त्यांनी मनगट धरलं.

"आई, माय नीज हर्ट. घरी ने ना."

ग्लास पडला. मी पळाले.

श्रीरंग म्हणतो, तुम्हा मायलेकींचं बोलणं ऐकून पाठ झालं असेल. असेल. पण हाक — ती हाक —

२१ ऑक्टोबर

आज धीर करून विचारलं. नोव्हायला बर्फात काय हरवलं होतं? फक्त वीणाला आणि मला ठाऊक आहे. बाबाला आम्ही खोटं सांगितलं होतं.

म्हातारे ओठ हलले. "रेड बूट. तू म्हणालीस, कुत्र्यानं नेला म्हणून सांग."

मी ते पांढरं डोकं मांडीवर घेतलं. थोपटलं. झोपली.

२३ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, एखादा दिवस. श्रीरंगला सगळं सांगितलं. तो रडला — माझ्यासाठी. माझी अपॉइंटमेंट घेतो म्हणाला.

पाचवे कुणाच्या आईला बोलवत होते, ते कळलं आता.

२४ ऑक्टोबर

अकरावा दिवस. श्वास लागलाय तिला. माझा डावा हात सोडत नाही, उजव्यानं लिहितेय —

पलीकडे तालीम चालू आहे. हलकी पावलं. तरुण.

त्यांना विचारणार आहे. नाहीच म्हणतील. अठरा वर्षांचे गुडघे कोण परत करतं? तरी —

पावलं थांबली. दार —

कुरेहासान, पाया पडते तुमच्या, माझ्या पोरीला तिचं —