आमच्या घरातला कंट्रोल

२ मे २०२४, गुरुवार
वजन १२८. इन्सुलिन सकाळी ३४ युनिट, संध्याकाळी ३०. उजव्या अंगठ्याची जखम सात आठवडे तशीच. डॉक्टर म्हणाले, बिराजदार सर, आता पोट लहान करायचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी अंगठ्याबद्दलच बोलावं लागेल. म्हणालो, करतो, पण इन्सुलिन कायमचं बंद झालं पाहिजे. ते म्हणाले, ते तुमच्यावर आहे. म्हणजे प्रश्न मिटला. सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतोय. माझ्यावर सोपवलेलं काम आजवर अडलेलं नाही.
ऑपरेशन आठ तारखेला, सुट्टीतच. ही वही फक्त माझ्यासाठी. शास्त्रीय नोंदी. भावना वगैरे काही नाही.

४ मे
हॉस्पिटलात एक अभ्यास चालू आहे. ऑपरेशननंतर चरबीतली हार्मोन्स कशी बदलतात, हा विषय. चरबी म्हणजे नुसती साठवण नव्हे, ती स्वतः हार्मोन सोडते, असं आहारतज्ज्ञ कीर्ती मॅडमनी सांगितलं. मला ठाऊक आहे म्हणालो. (नव्हतं. पुस्तकात नाही.)
नोंद. लेप्टिन: शरीरात साठा पुरेसा आहे, आता खाणं पुरे, असं मेंदूला सांगतं. जाड माणसात ते ढिगानं असतं, पण मेंदू ऐकत नाही. आमची दहावी ब. ॲडिपोनेक्टिन: गुणी हार्मोन, साखर आटोक्यात ठेवायला मदत करतं, जाड माणसात कमी. वजन उतरलं की पहिलं खाली, दुसरं वर.
तुलनेला त्याच घरातलं, ऑपरेशन न झालेलं माणूस लागतं. आमच्या मंडळींचं, सिद्धेश्वरीचं, वजन ७९. कीर्ती मॅडम म्हणाल्या, या तुमच्या कंट्रोल. मी तिथल्या तिथं स्पष्ट केलं की आमच्या घरात कंट्रोल माझा असतो. सिद्धेश्वरीनं पेन मागितलं. फॉर्मवर सही केली.

१९ मे
घरी. वजन ११९. इन्सुलिन बंद. शून्य युनिट. मी आधीच सांगितलं होतं.
पोट आता केळ्याएवढं. दर तासाला वाटीभर वरणाचं पाणी. सिद्धेश्वरीही माझ्यासमोर बसून तेच पिते. उन्हाळ्यात तिला भूक नसतेच.

२७ जून
वजन ११३. जखम भरली. शाळेत स्टाफरूममध्ये खळबळ. रावसाहेब, आमचे क्रीडाशिक्षक, म्हणाले, सर, अर्धं कुटं ठिवून आला? सगळे हसले. मी शांतपणे लेप्टिन समजावून सांगितलं. चहा थंड झाला म्हणून ते उठून गेले.
संकल्प: डिसेंबरअखेर ८५. सोमवारपासून रावसाहेबांबरोबर मैदानावर पाच फेऱ्या.

४ जुलै
पाऊस, त्यामुळे मैदानात चिखल. फेऱ्या पुढच्या सोमवारपासून.

१२ ऑगस्ट, सोमवार
तीन महिन्यांची तपासणी. फोनवर सिस्टर म्हणाली होती, फास्टिंगला या. बरंच झालं, श्रावणी सोमवार, उपवास आहेच. सकाळी साबुदाण्याची खिचडी तीन चमचे. दहा मिनिटांनी आणखी तीन. दाण्याचा लाडू, अर्धा. नंतर उरलेला अर्धा.
रक्त घेताना सिस्टरनं विचारलं, फास्टिंग आहे ना. म्हणालो, तीस वर्षांत एक सोमवार मोडलेला नाही. साखर २११. धावपळ. कीर्ती मॅडमनी काय खाल्लं विचारलं, मी लपवाछपवी न करता सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. मी म्हणालो, मॅडम, फास्टिंगला मराठीत उपवासच म्हणतात, आणि उपवासाला साबुदाणा चालतो हे काही मी ठरवलेलं नाही.
सिद्धेश्वरी मात्र पाण्याचा घोटही न घेता आली होती. तिला नियम नीट समजत नाहीत. शुक्रवारी दोघांना परत बोलावलंय.

२० ऑगस्ट
रिपोर्ट. लेप्टिन निम्म्यावर. ॲडिपोनेक्टिन चढलं. वजन १०६. कीर्ती मॅडम म्हणाल्या, असंच चालू ठेवा. एकंदर मी या अभ्यासातला सर्वांत यशस्वी माणूस दिसतो. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण चेहरा सांगत होता.

३ सप्टेंबर
महत्त्वाचा शोध. मधल्या सुट्टीत लागला.
लेप्टिन मेंदूला पुरे म्हणून सांगतं. माझं लेप्टिन निम्मं झालं. म्हणजे निरोप निम्माच पोचतो. म्हणजे मला भूक लागली तर तो माझा दोष नाही, ती ऑपरेशनच्या यशाची खूण आहे. कीर्ती मॅडमना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, सर, आता मेंदू ऐकायला शिकतोय, त्याला वेळ द्या. तरुण आहेत, अनुभव कमी पडतो.
दोन भजी. चावून चावून.

८ ऑक्टोबर
घरी पथ्य कडक पाळतो. अर्धी भाकरी, दोन चमचे भाजी, वाटीभर ताक. सिद्धेश्वरी तेवढंच वाढून घेते. तिला समजावलं की ऑपरेशनशिवाय याचा काही उपयोग नाही, तुझ्या चरबीतली हार्मोन्स तुला बारीक होऊच देणार नाहीत. ती म्हणाली, मला कुटं बारीक व्हायचंय. तेही खरंच.
फेऱ्या अजून नाहीत. रावसाहेबांचा गुडघा दुखतोय. माणूस एकट्यानं पळाला तर लोक विचारतात काय झालं.

३ नोव्हेंबर
दिवाळी. चकली कोरडी, छातीत अडकते, म्हणून दह्यात भिजवून. बेसनाचा लाडू दुधात विरघळवून. बासुंदी मुळातच पातळ. छापील सूचनांत पातळ आहार असा शब्द आहे. पातळ म्हणजे काय याची व्याख्या त्यात दिलेली नाही. विज्ञानात व्याख्या नसेल तर प्रयोग करणाऱ्यानं ठरवायचं असतं.
हे सगळं बहिणीकडं, अक्कलकोटला. घरी नाही.

१४ नोव्हेंबर
सहा महिने. वजन १०१. सिद्धेश्वरी ७१. सिस्टरनं काटा दोनदा तपासला. मला कारण लगेच लक्षात आलं. एका घरात राहिल्यानं माझ्या बदललेल्या हार्मोन्सचा तिच्यावर परिणाम होत असणार. कीर्ती मॅडमना ही कल्पना देऊ केली. त्यांनी लिहून घेतली नाही.

१५ जानेवारी २०२५
गड्ड्याची यात्रा, गावची संक्रांतीची मोठी जत्रा. व्यायाम म्हणून होम मैदानावर सलग दोन तास चाललो. सहा हजार पावलं. उसाचा रस दोन ग्लास (पातळ). भजी चार. जिलेबी आतून पातळच असते. सहा हजार पावलांतून हे सगळं वजा केलं तर बाकी शून्य येते. म्हणजे आज काहीच खाल्लं नाही असं धरायला हरकत नाही.
सिद्धेश्वरी दर्शन घेऊन घरी गेली. पायात त्राण नाही म्हणाली. जायच्या आधी विचारत होती, तुमी काय खाल्लं का. म्हणालो, नाही.

२ मार्च
सिद्धेश्वरीनं सगळी पोलकी उसवून आत घेतली. माझ्या पॅंट्स मात्र घट्ट. एकाच घरातलं पाणी, एकाच साबणानं धुतलेले कपडे, आणि दोन उलट परिणाम. कापडाचा दर्जा आता राहिलेला नाही.

९ जून
वजन ११०. काटा फरशीवर नीट बसत नाही. कोपऱ्यात सरकवला, ११०. स्वयंपाकघरात, ११०.५. काटा माळ्यावर ठेवला.
डॉक्टरांनी साखरेची गोळी वाढवली. साखर चढतेय, पुन्हा सुई घ्यायची नसेल तर आत्ताच आवरा, म्हणाले. मी त्यांना नम्रपणे विचारलं, ॲडिपोनेक्टिन कुठं तयार होतं? चरबीत. मग सगळी चरबी काढली तर ते तयार कोण करणार? त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी हरलो असतो तर त्यांनी मला तसं सोडलं नसतं.

१४ नोव्हेंबर
दीड वर्षाचा रिपोर्ट. माझं लेप्टिन ऑपरेशनच्या आधी होतं तिथं परत. ॲडिपोनेक्टिन खाली. वजन ११८. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.२. सिद्धेश्वरीचं सगळं उलट: लेप्टिन निम्म्याखाली, ॲडिपोनेक्टिन वर, वजन ६२.
नमुन्यांची सरळसरळ अदलाबदल. माझं रक्त तिच्या नावावर. डॉक्टर पुन्हा इन्सुलिन म्हणाले, मी साफ नकार दिला. दुसऱ्याच्या रिपोर्टवर मी सुई टोचून घेणार नाही. (वजन काट्यावर मी स्वतः केलं होतं, पण काट्यांचा माझा अनुभव वर नोंदवलेला आहे.)

१७ नोव्हेंबर
लेखी अर्ज दिला. दोन पानं, मुद्देसूद, आकृतीसह. डॉक्टरांनी मान्य केलं. पुन्हा तपासणी होणार. सत्याचा आग्रह धरावा लागतो.

२० नोव्हेंबर
रक्त दिलं. फास्टिंग, त्यांच्या अर्थानं. या वेळी नळीवर माझं नाव मी स्वतः लिहिलं, पूर्ण, चन्नप्पा गुरुलिंगप्पा बिराजदार, ठळक अक्षरात, खाली सही. सिद्धेश्वरीच्या नळीवरही मीच लिहिलं. आता बघू.

२७ नोव्हेंबर, दुपारी
आकडे तेच.
डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही नळ्यांच्या फोटोत माझं अक्षर. त्यांनी सिद्धेश्वरीला विचारलं, ताई, मधे तुम्ही कुठं ऑपरेशन करून घेतलंत का? तसं असेल तर तुम्हाला कंट्रोल म्हणून धरता येणार नाही.
ती म्हणाली, न्हाई ओ डॉक्टर. ह्यांचं पोट एवढंसं झालं. ह्यांनी अर्धी भाकरी खायची आणि मी समोर बसून दोन कशा मोडू? ह्यांना जेवढं, तेवढंच मी घेतलं. दीड वर्ष झालं की.
कीर्ती मॅडम मान खाली घालून लिहीत होत्या. या वेळी लिहून घेतलं.
रिक्षात मी विचारलं, भूक लागायची का. म्हणाली, लई लागायची. पहिले चार महिने डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी म्हणालो, सांगायचंस तरी. म्हणाली, तुमी उपाशी, मग मी कुठल्या तोंडानं सांगू.
रिक्षा सात रस्त्याच्या चौकात आली. मग सांगितलं की मी उपाशी नव्हतो. शाळेत खायचो, यात्रेत खाल्लं, अक्कलकोटला खाल्लं. ती म्हणाली, रिपोर्ट मी पण बघितला की.
मला फार लाज वाटली.
इन्सुलिन सुरू. सकाळी २०, संध्याकाळी १६. मला स्वतःला टोचता येत नाही. पहिली सुई तिनंच दिली, हळू. मग ताटं वाढली, दोन्हीत अर्धी अर्धी भाकरी. मी म्हणालो, आता तरी तू पोटभर जेव. म्हणाली, आता एवढ्यातच भरतं.
माझं भरलं नव्हतं. बोललो नाही.