अठ्ठावीस मेची सावली

सावदा, ता. १२ मे १९६७

प्रिय हलीमा,

तुझं कार्ड पोचलं. चार महिन्यांनी कार्ड टाकलंस आणि त्यात एकच ओळ, की मावशी, अब्बांचं तोंड कबरीत कुठल्या दिशेला केलं, सुभान नानांच्या की त्यांच्या स्वतःच्या. खुशाली नाही, शाळेतली नोकरी कशी चालली ते नाही, खाली सहीसुद्धा तोडून टाकल्यासारखी. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. मला एका ओळीत उत्तर देता येत नाही, मला पहिल्यापासून सांगावं लागतं. तेव्हा दम धर आणि वाच.

पौषात तुझे वडील, आमचे गुरुजी, गेले तेव्हा तार तुला उशिरा मिळाली. त्यात तुझी चूक नाही आणि आमचीही नाही, तुमच्यात माणसाला फार वेळ ठेवत नाहीत. धुळ्याहून एसटीनं तू उतरलीस तोवर सगळं आटोपून बायका घर झाडत होत्या. तू खुंटीवरची टोपी बघितलीस, माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. तुझी आई गेल्यापासून माझ्याच चुलीपाशी जेवलेली पोर, आणि माझ्याकडे अशी बघत होतीस जशी मी जमातीची पंच आहे. तेव्हा विचारलं असतंस तरी मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

अठ्ठावीस मे म्हटलं की माझं डोकं फिरायचं, तुला आठवत असेल. ऐन पापडांचे दिवस. अंगणभर खाटा, खाटांवर जुनी लुगडी, त्यावर पापड आणि कुरडया. आणि भर दुपारी तुझे वडील हातात काठी घेऊन दारात हजर, मागे सुट्टीतली पोरंटोरं. तुमच्या घरावर निंबाची गर्द सावली, म्हणून ऊन शोधत माझ्या अंगणात यायचं. कलाबाई, तेवढी खाट सरकवता का. दरसाल तीच खाट. मी म्हणायची, गुरुजी, तुमचा सूर्य माझ्या पापडांवरच बरा येतो. ते हसायचे आणि स्वतःच खाट ओढायला लागायचे, मग माझा एखादा पापड मातीत जायचा आणि मी आणखी बोलायची.

स्टेशनच्या घड्याळाशी मिळवून आणलेलं मनगटी घड्याळ बघत ते काठी सरळ रोवायचे. पोरांना सांगायचे, आज पावणेतीनच्या सुमाराला सूर्य मक्केच्या बरोबर डोक्यावर येतो, तिथे उभ्या माणसाला सावलीच नसते. म्हणून या घटकेला आपण सूर्याकडे तोंड केलं की आपलं तोंड मक्केकडे झालं. वर्षात असे दोनच दिवस, आणि दुसरा येतो जुलैत, तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं. मग ते काठीच्या सावलीवर चुन्याची रेघ ओढायचे आणि तीच मागे सरळ वाढवत माझ्या गोठ्यापर्यंत न्यायचे. गोठा माझा बरोबर मावळतीला. पण रेघ दारात जायची नाही, दाराच्या जराशी उजवीकडे, गायीच्या खुंट्याला लागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणानं अंगण सारवून मोकळी.

एकदा मी त्यांना विचारलं, शाळेतल्या नकाशात तर मक्का आपल्या समोर सरळ रेषेत दिसते, मग ही रेघ तिरकी का. झालं. माझं टरबूज मागितलं. त्यावर माझ्याच करंड्यातल्या कुंकवानं दोन ठिपके लावले, एक सावद्याचा, एक मक्केचा, दोन्ही एका उंचीवर. मग दोरा घट्ट ताणून धरला, तर तो मधे आपोआप वरच्या अंगाला चढला. म्हणाले, बघा, पृथ्वी नकाशासारखी चपटी नाही. जवळची वाट पकडायची तर निघतानाच तोंड थोडं उत्तरेकडे करावं लागतं. मी म्हटलं, कळलं, आता दोरा काढा, कापायचंय.

बऱ्हाणपूरहून आणलेल्या त्या जाड उर्दू पुस्तकात त्यांचा जीव होता. त्यातलं सांगायला लागले की चहा निवायचा. सातशे वर्षांपूर्वी इराणात मराग्याच्या टेकडीवर वेधशाळा होती, तिथल्या तूसी नावाच्या विद्वानानं या सूर्याच्या दिवसाची गोष्ट लिहून ठेवली. त्याच्याही आधी आपल्याकडचे आकडे शून्यासकट बगदादला गेले आणि तिथल्या लोकांनी त्यांवर बीजगणित उभं केलं. सावल्यांची कोष्टकं केली. कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती, कोणी यहुदी, एकाच छताखाली बसून हिशोब करायचे. मी म्हणायची, आकडे सगळे बगदादला गेले वाटतं, म्हणून आमच्या पंडितरावांना केळीचे घड मोजता येत नाहीत. आमचे हे ओसरीवरून खाकरायचे. तू खिदळायचीस. तेव्हा तुला दोन वेण्या होत्या.

आता मशिदीचं. मोहल्ल्यातली नवी मशीद बांधायला काढली तेव्हा जमातीचे पंच सुभान नानांनी जुन्या मशिदीवरूनच पायाची दोरी धरली, थेट मावळतीला. गुरुजींनी आधी एकदा जाऊन सांगितलं होतं की थोडं उजवीकडे घ्या. नाना म्हणाले, मास्तर, आमचे बापजादे काय भिंतीकडे तोंड करून नमाज पढले का. सगळे हसले. गुरुजी घरी निघून आले. पण तू धुळ्याच्या कॉलेजातून गणित घेऊन आलेली, तू थेट पायाच्या खड्ड्यापाशी गेलीस. बठ्ठ्या, झाडून सगळ्या पुरुषांसमोर नानांना म्हणालीस की तुम्हाला सावली वाचता येत नाही आणि दिशा सांगायला निघालात. आणि वडिलांना म्हणालीस, अब्बा, बोला. ते नानांकडे वळून म्हणाले, दोरी आहे तशी असू द्या. त्यावर तू म्हणालीस, मग मला शिकवलं कशाला. पोरी, ते वाक्य तुझ्या गाडीबरोबर धुळ्याला गेलं नाही, ते इथेच राहिलं.

मीसुद्धा त्यांना टाकून बोलले. म्हटलं, एवढं माहीत असून तोंड का उघडलं नाही. म्हणाले, कलाबाई, खरं काय ते मी सांगून झालं. आता मी हट्ट धरला तर अर्धा मोहल्ला एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे तोंड करून उभा राहील. ते मोठे हिशोब करणारे लोकसुद्धा गावातल्या जुन्या मशिदीत सगळ्यांच्या रांगेतच उभे राहायचे. एवढ्याशा फरकानं नमाज अडत नाही, असं जाणतेच सांगून गेलेत. पण रांग तुटली की माणसं परत जुळत नाहीत. मला ते पटलं नव्हतं. अजूनही सगळं पटलेलं नाही.

मग तुझं येणं बंद झालं. काठी दरसाल यायची, बोलणं कमी. समरकंदला एक राजा होता, राज्यापेक्षा ताऱ्यांकडे जास्त बघायचा, त्याच्या पोटच्या मुलानंच त्याला मारवलं, ही गोष्ट त्यांनी पोरांना सांगायला घेतली आणि मधेच म्हणाले, जा रे, आज पुरे. मागच्या मे महिन्यात तर घड्याळ हातात धरून उभे असताना स्टँडवर एसटीचा भोंगा वाजला. ते काठी सोडून फाटकाशी गेले. उन्हात बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. परत आले तोवर सावली पुढे सरकलेली. म्हणाले, चुकलं. त्या वर्षी रेघ ओढलीच नाही. मी पापड उचलले.

थंडीत छातीत कफ भरला आणि आठवड्यात गेले. शेवटी शेवटी तुझं नाव घेत होते का, असं तू विचारलं नाहीस. घेत होते.

तुझं कार्ड आलं तशी मी ते घेऊन सुभान नानांच्या ओट्यावर गेले आणि वाचून दाखवलं. म्हटलं, पोरीला उत्तर द्या. म्हाताऱ्यानं कार्ड परत माझ्या हातात दिलं. मग परवा तिसऱ्या प्रहरी स्वतःच माझ्या अंगणात आला, चहा नको म्हणाला आणि गोठ्याच्या दाराकडे बघत बसला. कबर रांगेतच खोदली, म्हणाला, मास्तरनी मला आजारपणात बोलावून तसंच सांगितलं होतं, मला बठ्ठ्यांच्या बरोबर ठेवा. पण मयत उतरवायला खाली मीच होतो. तोंड मावळतीला केलं आणि माझे हात थांबले. बाई, तुझ्या या कुडाआडून मी दरसाल बघायचो ती रेघ, कोणाला सांगितलं नाही इतकंच. मयत उजव्या कुशीवर, डोकं उत्तरेला, तेव्हा मी मास्तरची हनुवटी दोन बोटं वर उचलली, म्हणजे तोंड आपोआप थोडं उत्तरेकडे वळलं, आणि मातीचं एक ढेकूळ लावून ठेवलं. वरच्यांना वाटलं मी माती सारखी करतोय. एवढं बोलून नाना रडले. मी काय करणार, पाण्याचा तांब्या पुढे केला.

तर हे तुझ्या कार्डाचं उत्तर. कबर सगळ्यांच्या रांगेत आहे आणि तोंड त्यांच्या रेघेवर आहे. हे दोघांनाच माहीत होतं, आता तू तिसरी. पण एवढ्यासाठी मी इतकं लिहिलं नसतं, तेवढं कार्डावर मावलं असतं. काठी गुरुजींनी माझ्या गोठ्यात ठेवलेली, ती तिथेच आहे. घड्याळ मी तांदळाच्या डब्यात ठेवलंय, रोज किल्ली देते, पण ते पुढे जातं की मागे, मला कळत नाही. अठ्ठावीस तारखेला नाना दुपारी येऊन बसणार म्हणतात, या वेळी कुडाच्या आत. पोरं आतापासून विचारायला लागलीत की रेघ कोण ओढणार. मला ओढता येत नाही. तू आदल्या दिवशीच्या गाडीनं ये. यंदा पापड मी घरावरच्या धाब्यावर वाळत घालीन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण सारवणार नाही.

तुझीच,
कलामावशी