बांधावरची पिवळी फुलं

६ जुलै
आज तीन सापडले! पिवळसर, नखाएवढे पतंग, पंखांवर तपकिरी फुली. पंचवीस वेळा जाळी फिरवली, त्यात तीनच. पण तिन्ही शेजारच्या डोमिंगास मावशीच्या क्रॅनबेरीच्या मळ्याच्या बांधालगत. तिथे पिवळ्या फुलांचं तण कंबरेएवढं माजलंय. त्याचीच पानं गुंडाळून यांची अळी आत बसते. मध्ये एक चर, की पलीकडे माझा मळा.
गेल्या वर्षी फळं किडकी म्हणून कारखान्याने माझी अख्खी गाडी परत पाठवली. यंदाही तसंच झालं तर मळा हातचा जाणार.

१९ जुलै
तण कापा म्हणून मावशीला सांगून पाहिलं. ऐकेल तर ती मावशी कसली!
"इदालिना, तिथं त्यांना पोटभर मिळतंय तोवर तुझ्याकडे कशाला येतील? राहू दे."
तिचा पुतण्या ज्युलिनो चाळिशीचा, तिच्याकडेच राहतो, तोंडाळ. म्हणाला, एका सकाळीत सगळं साफ करतो. मावशी भडकली. हात लावलास तर घराबाहेर काढीन म्हणाली.

२६ जुलै
मावशी डोळ्याच्या ऑपरेशनला न्यू बेडफर्ड शहरात गेली. ज्युलिनोवर तिचा भरवसा नाही, म्हणून तीन दिवस कोंबड्यांचं दाणापाणी माझ्याकडे.

२७ जुलै
कापलं. सगळं. ज्युलिनो मासे धरायला गेला होता. दोन तास लागले — बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

३१ जुलै
तण वाळलं. उलटंपालटं करून पाहिलं. मेलेली अळी एकही नाही. जिवंतही नाही. गेल्या कुठे?

८ ऑगस्ट
सापडल्या. चराकडेची माझी फळं चार-चार मिळून जाळ्याने चिकटलेली, प्रत्येकाला भोक. मावशीच्या मळ्यात तर निम्म्याहून जास्त. खायचं संपल्यावर त्या दोन्हीकडे पसरल्या. मावशी बरोबर होती.

९ ऑगस्ट
ऑपरेशननंतर मावशी आज पहिल्यांदाच बाहेर पडली, काळा चष्मा लावून बांधावर उभी होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ज्युलिनोलाच फैलावर घेतलं. तो आईची शपथ घेत होता. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हणाले एवढंच, की ऊन फार आहे, आत चला. लाज वाटते.

१४ ऑगस्ट
ज्युलिनो सकाळच्या बसने गेला. दुपारी मावशीने मला काचुपा, मका-घेवड्याचा रस्सा, वाढला, शेजारी बसली.
"माझ्यामागे हा मळा तूच बघ. विश्वासाचं दुसरं कोण उरलंय?"
मी हो म्हटलं.