तिसरा फटका

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, दुपार

प्रिय आई,

काल तुला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुझ्या पाठीमागे माग धडधडत होते आणि तू ओरडून विचारत होतीस, "जेवलीस का गं?" जेवले म्हणाले आणि ठेवला. जेवले नव्हते. जे सांगायचं होतं ते मागाच्या आवाजात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. बसून वाच.

लोककलेच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी आमच्या वर्गात कुणी लावणी घेतली, कुणी धनगरी गजनृत्य. मी लाठी-पट्ट्याचा मर्दानी खेळ घेतला, आपल्या आण्णांचाच. आमच्या बाई म्हणाल्या, असला वारसा कागदात नसतो, माणसाच्या अंगात असतो, तो अंगातून उतरवून घे. म्हणजे काम काय, तर आण्णा तालमीत पोरींना शिकवत असताना कॅमेरा लावायचा, मग ते चित्रण अगदी संथ करून बघायचं, भार कुठल्या पायावर आहे, कोपर कुठं वळतं, श्वास कधी सुटतो, सगळं वहीत टिपायचं. वर्षभर मी तेच केलं. लोक आण्णांबद्दल म्हणतात, पासष्टीतही आकाराम वस्तादांच्या पट्ट्याचं पातं फिरताना दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. मला माझ्या बापाचा अभिमान होता आई, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरात एका दुपारी मला त्यांची एक लकब सापडली. फटका मारायच्या आधी ते डावा पाय अर्धं पाऊल मागं घेतात आणि उजवा खांदा किंचित खाली सोडतात. दुसऱ्या कुठल्याच वस्तादाच्या चित्रणात हे नाही. आनंदानं लिहायला घेतलं आणि हात थांबला. हे मी आधी पाहिलं होतं. अकरा वर्षांची होते, स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांच्या हातात लाठी नव्हती, लोखंडी उलथनं होतं. तू हात आडवा धरलास. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. तू जिन्यावरून पडलीस असं सगळ्यांना सांगितलं गेलं. मीही शाळेत तेच सांगितलं, आणि सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं. तू प्लास्टरातला हात घेऊन कृष्णातमामाकडे कबनूरला गेलीस, तेव्हा मी तुझ्यावरच रुसले. निरोप द्यायला दारापर्यंतसुद्धा आले नाही.

ते पान मी वहीतून फाडलं. बाईंना दाखवलं नाही, आण्णांना विचारलं नाही. प्रबंध अडला असता. ही माझी पहिली चूक.

गेल्या गुरुवारी माझ्या प्रबंधाचे बाहेरगावचे परीक्षक तालमीत खेळ बघायला आले. कागलची रक्षिता, सतरा वर्षांची, आण्णांची सगळ्यात तयार पोरगी. लाठी फिरवता फिरवता तिच्या हातून सुटली आणि पाहुण्यांच्या पायाशी जाऊन पडली. ते हसले, टाळ्या वाजवल्या, चहा घेऊन गेले. दार लागलं आणि आण्णा म्हणाले, "पावण्यांसमोर माझं नाक कापलंस की गं." मग लाठीनं मारायला लागले. पोटऱ्यांवर, पाठीवर. तिनं हात वर केला तर हातावर. बाकीच्या पोरी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. एकही ओरडली नाही. तेव्हा मला कळलं की हे त्यांना नवीन नव्हतं. शिकवणी संपली की मी रोज कॅमेरा बंद करून घरी येत होते. त्या दिवशी बंद करायचा राहिला होता.

रक्षिता खाली बसली. आण्णांचा पाय मागं गेला, खांदा खाली आला. आता डोक्यावर, हे मला त्यांच्या आधी कळलं. भिंतीवरची लाठी कधी काढली ते आठवत नाही. पहिल्यांदा मी त्यांचा फटका अडवला. दुसऱ्यांदा त्यांच्या मनगटावर मारला. लाठी गळून पडली. तिथं थांबायला हवं होतं. ते गुडघ्यांवर आले होते, हात छातीशी धरला होता, माझ्याकडे बघत होते. मी तिसरा मारला, त्याच हातावर, सगळ्या ताकदीनं. आणि आई, मला बरं वाटलं. चित्रणात माझा डावा पाय मागं जाताना दिसतो. खांदाही.

मनगट आणि कोपर, दोन्ही गेलं. डॉक्टर म्हणाले, जेवता येईल, पट्टा विसरा. पन्नास वर्षांची विद्या ज्या हातात होती तो हात मी मोडला, आणि मी त्याच विद्येचा अभ्यास करत होते. दवाखान्यात वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "खांदा लई लवकर सोडलास. समोरच्याला कळतंय." आई, ते रागावले नव्हते. त्यांना माझं कौतुक वाटत होतं. मी उठून बाहेर आले.

तालमीचे बाळासो शुक्रवारी घरी आले. "घरातलं हाय, घरात ऱ्हाऊ दे. वस्ताद पाय घसरून पडलं म्हणायचं. पोरीच्या बापाचं मी बघतो. तू त्येवढं चित्रण पुसून टाक." काल मी कागलला गेले. रक्षिताचे वडील, प्रभुलिंगकाका, दारातच उभे राहिले. आत ये म्हणाले नाहीत. रक्षिताच हात गळ्यात बांधून बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, मला वाचवलासा. पण तिसरा का मारलासा?" मी तिच्या वडिलांना एवढंच सांगितलं की चित्रण माझ्याकडे आहे, मी पुसणार नाही.

बुधवारी सकाळी अकराला प्रभुलिंगकाका पोलिसांत तक्रार देणार आहेत. मी त्यांच्याबरोबर जाणार आणि चित्रण देणार, माझ्या तिसऱ्या फटक्यासकट, एक क्षणही न कापता. माझ्यावरही गुन्हा लागेल. प्रबंधाचं काय होईल ते होवो. पण पोलीस मला विचारणार, वस्तादांनी याआधी कुणाला मारलं होतं का? तेरा वर्षं तुझ्याबद्दल आम्ही सगळेच बोललो, तुला कुणी विचारलं नाही. म्हणून मी तुझं नाव तुला विचारल्याशिवाय घेणार नाही. एवढं विचारायलाच हे पत्र लिहिलं. उद्या मामा कोल्हापूरला येतील, त्यांच्या हाती देते. तू नको म्हणालीस तर माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही, आणि या वेळी मी रुसणार नाही. पण बुधवारी आलीस, तर पोलिसांपुढं आधी तू बोल. मी तुझ्या मागं उभी राहते.

तुझीच,
तेजू