अकरा घरांचा अर्ज

८ जानेवारी २०२३, रविवार

जितेश आला होता. आमच्या घरी! लग्न होऊन मला इथे चौदा वर्षं झाली, जांभूळवाडीचा हा पुढारी कधी आमच्या ओट्यावर चढला नव्हता. आज चहासुद्धा प्याला. बशी तोंडाला लावताना जरा थांबला — मी पाहिलं. मग प्याला.

काम काय, तर अर्ज. वाडीला नांदोडे ग्रामपंचायतीतून बाहेर पडायचंय. स्वतःची पंचायत हवी. "उज्वलाताई, तुमचं अक्षर चांगलं. तुमीच लिवा." अक्षराचं निमित्त! आमच्या बौद्धवस्तीतल्या अकरा घरांशिवाय त्यांचं संख्याबळ जमत नाही, एवढं कळतं मला.

माझ्या नवऱ्याने, कपिलने तोंडावरच विचारलं, "आमाला काय मिळंल?"

"पयला ठराव तुमच्या रस्त्याचा. शब्द हाय माझा."

रस्ता म्हणजे जितेशच्या बांधावरची पायवाट. दोन पावसाळ्यांपूर्वी आईंचा — माझ्या सासूबाईंचा — खुबा मोडला, तेव्हा गाडी त्याच्या गोठ्यापाशीच थांबली. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना चिखलातून नेलं. काय ओरडत होत्या! अजून कानात आहे ते.

म्हणून हो म्हटलं. पण मी वाडीच्या अंगणवाडीतली मदतनीस. नांदोड्याच्या लोकांनी मनात आणलं तर काय राहणार माझी नोकरी?

११ जानेवारी

चार कागद फाडले. शेवटी विहारात जाऊन बसले. भिंतीवर संविधानाची उद्देशिका आहे, तिच्याकडे बघता बघता सुरुवात सुचली — 'आम्ही, जांभूळवाडीचे लोक'. मग हात थांबेना.

'जो कारभारी आमच्या दारापर्यंत येत नाही, त्याला आमचा का म्हणावं? नकाशावर रेघ ओढली म्हणून कारभार आपला होत नाही. ज्यांच्यावर तो चालतो त्यांनी हो म्हटलं, तरच होतो.'

परत वाचलं. मी लिहिलं हे?

२६ जानेवारी

नांदोड्याच्या शाळेत ग्रामसभा. जितेशने माझा अर्ज घडाघडा म्हटला, कागदाकडे न बघता! पाठ केलाय पठ्ठ्याने.

मग नामाशेठ उठले. नांदोड्याचे जुने सरपंच. "आज पंचायत तोडताय, उद्या तालुका तोडाल, परवा देश! फुटीर कुठले! आन् हे अक्षर कोनाचं, ते ठाऊक हाय आमाला." सगळ्या माना माझ्याकडे.

आणि आई! काठी टेकत उभ्या राहिल्या. "देश कसा तुटंल रं नामा? माझा खुबा तुटला तवा आलावता का तुजा देश? झेंडा आमचा बी त्योच हाय!"

हसले सगळे. मला हसू येईना.

ठराव झाला. नांदोड्याची निम्मी माणसं झेंडावंदन करून जिलेबीचा पुडा घेऊन घरी गेली होती — वाडीची पोरं काय ठराव करणार म्हणून! आमची वाडी झाडून हजर. सतरा हात जास्त भरले. आमच्या अकरा घरांचे चौतीस होते.

३० जानेवारी

अंगणवाडीत आज नांदोड्याची सेविका माझ्याशी बोलली नाही.

१४ जून

फाइल कुठे अडकलीय कळत नाही. खालापूरला विचारलं तर अलिबागला म्हणतात. आणि इथे नांदोडेवाले रोज विचारतात, "काय, झाला का देश?" फाइल परत आली तर कुठे तोंड दाखवू?

त्यात घरात कटकट. मुंगूस कोंबड्या नेतं म्हणून कपिलने त्याच्या साजगावच्या कंपनीतून जुनी जाळी आणून परसाला मारली. आमच्याच वस्तीतल्या ओढ्यापलीकडच्या तीन घरांची जायची वाट तिथूनच होती. त्यांच्यातला हरेश कुरकुरत आला. कपिल म्हणाला, "बघू नंतर." वळसा तो केवढा? माझ्या डोक्याला आधीच ताप कमी आहे का!

१९ सप्टेंबर २०२४

मंजूर! जांभूळवाडीची स्वतंत्र ग्रामपंचायत! जितेशने पेढे पाठवले. स्वतः आला नाही.

१५ ऑगस्ट २०२५

आमची पहिली ग्रामसभा. जितेश सरपंच, बिनविरोध.

पहिला ठराव — वाडीच्या तोंडाशी स्वागत कमान.

कपिल उठला. "आन् आमचा रस्ता?"

"पुढच्या टप्प्यात घिऊ. बांधाची मोजणी व्हायची हाय."

बांध कोणाचा? त्याचाच! येताना आई त्याच वाटेवर बसल्या, पाय उचलेना. म्हणाल्या, "पळसाला पानं तीनच गं बाय."

२ ऑक्टोबर

जुना अर्ज काढला. मजकूर तोच ठेवला, फक्त नावं बदलली. 'आम्ही, अकरा घरांचे लोक'. खाली एक वाक्य वाढवलं — रस्ता द्या, नाहीतर आम्हाला परत नांदोड्याला जोडा. अकराही घरांच्या सह्या. हरेश सगळ्यात आधी आला, पलीकडच्या तिन्ही घरांना घेऊन.

ग्रामसभेत मीच वाचला. 'जो कारभारी आमच्या दारापर्यंत येत नाही...' वर बघते तर जितेशचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. ध्यानात आलं तसे मिटले.

"बघू नंतर," म्हणाला.

अंगणवाडी आता त्याच्याच पंचायतीत आहे. झोप कसली लागतेय!

५ ऑक्टोबर

कपिल ड्युटीवर गेल्यावर हरेश आला. लांबून, आमच्या जाळीला वळसा घालूनच. चिखलाचे पाय म्हणून ओट्यावर चढेना. हातात वहीचं पान. "वयनी, पुढचं लिवून दे ना. तुजंच बरं जमतं."

पानावर लिहिलं होतं — 'आम्ही, ओढ्यापलीकडचे लोक'. खाली तिन्ही घरांची नावं. वर 'प्रति,' आणि पुढची जागा कोरी.

लाजला असेल. तिथे आमचं नाव येतं.